एकच पाणवठा, वर्षभर: पाण्याचे आणि पाखरांचे फोटो कसे काढावेत

आधी जागा ठरवा, आणि ती एकच. पंधरा दिवसांतून एकदा तरी जाता येईल असं जवळचं तळं किंवा नदीकाठ पुरे. एकाच पाण्यावर वीस फेऱ्या झाल्या की खंड्या कोणत्या फांदीवर परत येतो आणि ऊन कुठून चढतं, हे पाठ होतं. निम्मं काम तिथेच झालेलं असतं.

पोहोचल्यावर कॅमेऱ्याआधी वारा बघा. पाखरं उडतात आणि उतरतात ती वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पाखरू समोरून, तोंड तुमच्याकडे करून येतं. सकाळचं ऊनही पाठीशी असेल तर त्या दिवशी जागा सोडू नका. उडत्या पाखरासाठी शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या.

मग खाली बसा. खरं तर आडवेच व्हा. उभ्याने काढलेल्या टिबुकलीच्या, म्हणजे डुबक्या मारणाऱ्या छोट्या पाणपाखराच्या, मागे हातभर अंतरावरचं पाणीच येतं, लाटांसकट. लेन्स पाण्याच्या पातळीला आणली की मागे पलीकडचा काठ येतो, तो लांब असल्याने विरघळून जातो आणि पाखरू सुटं दिसतं. लेन्सखाली बीन बॅग, म्हणजे दाणे भरलेली मऊ पिशवी, घ्या. कपडे चिखलाचे होणारच.

आता बगळा. काळपट पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा अंधाराला भुलून फोटो जास्त उजळ करतो आणि पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी होऊन तपशील जातो. माझे पहिल्या वर्षाचे सगळे बगळे कागदाच्या कात्रणांसारखे दिसतात. पिसाची एक रेघ नाही. एक्सपोजर कंपेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद किंवा उजळ करायची सोय) -२/३ ते -१ वर आणा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला चिकटत नाही ना, ते पाहा. बर्फात किंवा दाट धुक्यात हेच उलट, + कडे.

थंडीत पाण्यावरची वाफ हवी असेल तर निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतरची पहाट धरा. कोमट पाण्यावर गार हवा टेकली की ती वाफ उठते आणि ऊन चढलं की विरते, म्हणून सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पोहोचा. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ती लवकर उतरते.

पानगळीत रंग झाडांपेक्षा पाण्यात शोधा. प्रतिबिंब टिपताना फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर लावू नका. तो पाण्यातून झाडापर्यंतच्या पूर्ण अंतरावर लागतो. पृष्ठभागावर लावलात तर तरंगतं पान धारदार येईल, झाड पुसट. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिरता फिल्टर, ओल्या पानांवरची चकाकी छान काढतो, पण तो फिरवताना प्रतिबिंबही पुसलं जातं, तेव्हा नजर ठेवा.

पावसात छत्रीखाली थांबा, मागे गडद झाडी घ्या आणि शटर १/३० सेकंदाच्या आसपास आणा. धारा रेघांसारख्या उमटतात.

उन्हाळ्यात दुपारी लांब लेन्सने काढलेले फोटो मऊ येतात, तो लेन्सचा दोष नसतो. तापलेल्या चिखलावरची हवा थरथरत असते. सकाळीच उरका.

विणीच्या दिवसांत घरट्यापासून लांबच राहा. त्यानंतर बदकांची उड्डाणाची पिसं एकदमच गळतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. तेव्हा त्यांच्या मागे लागणं म्हणजे छळच. पाखराने चरणं थांबवून मान ताठ केली की तुम्ही फार जवळ गेलात. तिथूनच मागे सरका, फोटो न काढता.

आणि थंडीतून उबदार खोलीत आल्यावर कॅमेऱ्याची पिशवी तासभर बंदच ठेवा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. कार्ड मात्र बाहेरच काढून खिशात टाका, कारण फोटो बघायचा मोह त्या तासात कुणाला आवरत नाही.