काचेच्या पेटीतून घरी आलेल्या बाळाला कसं सांभाळावं

३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ दवाखान्यातून घरी येतं, तेव्हा घरचे सगळे थकलेले असतात आणि बाळ निवांत झोपलेलं असतं. "किती शहाणं आहे, अजिबात रडत नाही," असं कौतुक सुरू होतं. नवजात विभागात काम करणाऱ्या आम्हा सिस्टर मंडळींना हेच कौतुक ऐकलं की धडकी भरते. दिवस भरलेलं बाळ काही दुखलं की घर डोक्यावर घेतं. या बाळात तेवढं त्राण नसतं. गारठलं, रक्तातली साखर उतरली, जंतुसंसर्ग झाला, तरी बऱ्याचदा ते फक्त गप्प होतं.

आधी ऊब

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेखाली चरबी जेमतेम असते. अंग गरम ठेवायला ते साठवलेली साखर आणि प्राणवायू खर्च करतं. म्हणून नुसतं गारठणं तिथेच थांबत नाही. मागोमाग साखर उतरते, श्वास बिघडतो.

तपासायचं असं: आपल्या हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही कोमट लागले तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच डॉक्टरांकडे निघा. थर्मामीटर असेल तर काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हवं.

छातीशी घेण्याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून ती सुरू केली. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसातले ८ ते २४ तास, जमेल तितकं, बाळाला असं ठेवायला सांगते.

बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे ठेवा. आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मधोमध, उभं धरा. पाय बेडकासारखे दुमडलेले, हात वर घेतलेले. डोकं एका कुशीला वळवा आणि मान किंचित वर ठेवा. हनुवटी छातीत रुतली तर श्वास अडतो. मग मऊ कापडाने बाळाला आईशी बांधा आणि वरून कपडा घाला. नाक-तोंड सतत दिसलं पाहिजे. एकदा घेतलं की निदान तासभर काढू नका. आई दमली तर बाबांची छातीही तितकीच उबदार असते, आणि एरवी बाळाला हात लावायला घाबरणारे बाबा इथे चांगलेच रमतात. गरम पाण्याची पिशवी मात्र नको, कातडी भाजते.

दूध

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसायला लागतो. तोवर, किंवा बाळ ओढताना लवकर दमत असेल तर, आईचं काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजा. बाळाला अर्धवट बसतं धरा, चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि थांबा. बाळ ओठ हलवून स्वतः घेईल. घशात ओतलं की ठसका लागतो आणि दूध श्वासनलिकेत जातं.

दर दोन ते तीन तासांनी पाजा, रात्रीसुद्धा. झोपलंय म्हणून वेळ टाळू नका. भूक लागली तरी ते उठेलच असं नाही. तळवे चोळून जागं करा. आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी पाणीसुद्धा, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका.

हात

बाळाला घेण्याआधी साबणाने हात धुवा, अंगठ्या-बांगड्या काढून. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला दारातूनच नमस्कार. वाईटपणा घ्यायची जबाबदारी घरातल्या एखाद्या खमक्या माणसाकडे द्या. नाळ कोरडी ठेवा, तिला काही लावू नका.

काय बघत राहायचं

श्वास: पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. बाळ शांत असताना ६० पेक्षा जास्त, छातीत खड्डा पडणं, कण्हणं ही धोक्याची चिन्हं. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणारा श्वास या बाळांत आढळतो. २० सेकंद थांबला किंवा ओठ-जीभ निळी पडली, तर पाठ चोळा, तळव्यावर टिचकी मारा आणि श्वास परत आला तरी तातडीने दवाखाना गाठा.

कावीळ: दिवसाच्या उजेडात कपाळ, छाती आणि तळपाय बोटाने क्षणभर दाबून सोडा. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर थांबू नका. कोवळ्या उन्हात उघडं ठेवणं हा उपचार नव्हे. त्याने बाळ गारठतं.

आणि तेच गप्प होणं: काल ओढत होतं ते आज ओढत नाही, हात उचलून सोडला की लुळा पडतो, जागं करूनही डोळे उघडत नाही. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. संसर्गात या बाळाचं अंग अनेकदा गारच पडतं.

दवाखान्यात नेताना दुपट्यात गुंडाळून नेण्यापेक्षा छातीशी बांधून न्या. शेवटचं दूध किती वाजता आणि किती घेतलं, लघवी कधी केली, हे कागदावर लिहून ठेवा. गेल्या गेल्या तेच विचारतात, आणि त्या घाईत आईला एकही वेळ आठवत नाही.