टेहळणीचा हुकूम देताना या चुका टाळा

टेहळणी फसली की पहिले बोट टेहळ्यांकडे वळते. पुष्कळदा खोट हुकमातच असते. अमेरिकी यादवी युद्धातली १८६३ची गेटिसबर्ग मोहीम पाहा.

दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याने घोडदळप्रमुख जेब स्टुअर्टला २२ आणि २३ जूनला हुकूम धाडले. खिंडी राखा, जमल्यास शत्रूला वळसा घालून त्याचे नुकसान करा, पोटोमॅक नदी ओलांडून आपलाच सेनानी युएल याच्या उजव्या बाजूला या, माहिती जमवा, धान्यही जमवा. यात आधी काय? ते स्टुअर्टवरच सोडले होते, आणि त्याच्यासारख्या हौशी स्वाराने वळसाच निवडला. रॉकव्हिलजवळ त्याने १२५ गाड्या पकडल्या, त्यांच्या ओझ्याने आणखी रेंगाळला आणि लीपाशी पोचला २ जुलैच्या दुपारी. गेटिसबर्गची लढाई आदल्या दिवशीच पेटली होती. शत्रूने पोटोमॅक ओलांडल्याचे लीला २८ जूनच्या रात्री त्याचाच सेनानी लाँगस्ट्रीट याच्या हेराकडून कळले. म्हणून टेहळणीला मुख्य प्रश्न एकच द्या. खबर कधीपर्यंत हवी आणि ती आली नाही तर दुसरे कोण जाईल, हेही त्याच हुकमात लिहा.

लीजवळ घोडदळ नव्हते, हे मात्र अर्धसत्य. स्टुअर्टने दोन ब्रिगेड मागे ठेवल्या होत्या. त्या खिंडीच राखत बसल्या आणि लीनेही त्यांना वेळेत पुढे बोलावले नाही. मुख्य टेहळ्या दूर गेला की उरलेल्यांना कामाला कोण लावणार, हे आधी ठरवा.

शिळी खबर ही आणखी एक खोड. २ जुलैच्या पहाटे लीच्या कॅप्टन जॉन्स्टनने शत्रूच्या डाव्या बगलेची पाहणी करून तिकडे शत्रू नसल्याचे सांगितले. हल्ला झाला दुपारी चारच्या सुमारास. तोवर उत्तरेच्या सिकल्सची कोर (अनेक डिव्हिजनांचे दल) वाटेत येऊन उभी होती. खबरीवर वेळ घाला आणि हल्ल्याआधी पुन्हा माणूस पाठवा.

खबर कशी द्यावी, याचा नमुनाही याच मोहिमेत आहे. उत्तरेचा घोडदळ अधिकारी जॉन बुफर्ड याने ३० जूनच्या रात्री साडेदहाला गेटिसबर्गहून आपले वरिष्ठ रेनॉल्ड्स यांना आणि लगेच घोडदळप्रमुख प्लेझंटनला अहवाल धाडला. दक्षिणेच्या हिलची कोर कॅशटाउन गावामागे, सुमारे ९ मैलांवर गोळा झाली आहे, याची खात्री असल्याचे त्यात होते. शत्रूच्या पकडलेल्या निरोप्याचे बोलणे त्याने निरोप्याच्याच नावावर घातले. यॉर्क गावाकडून शत्रू येत असल्याच्या अफवा येत आहेत, त्यांतल्या काहींकडे लक्ष द्यावे लागते आणि त्यात घोडी-माणसे दमतात, हेही त्याने वरिष्ठांना स्पष्ट कळवले.