हायब्रिड कन्सोल बाजारात टिकेल का? आकडे कसे वाचावेत

टीव्हीला जोडून आणि हातात घेऊन, दोन्हीकडे गेम खेळता येतात अशा हायब्रिड कन्सोलचं भवितव्य जोखायचं असेल तर पहिल्या आठवड्यातल्या रांगांवर जाऊ नका. त्या रांगेत कंपनीचे जुने चाहते असतात आणि ते घेणारच असतात. जपानी कंपनी निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा कन्सोल वी यू नोव्हेंबर 2012 मध्ये आला, डिसेंबरअखेर 30.6 लाख नग गेले. पुढच्या तिमाहीत 3.9 लाख, त्यापुढच्या तिमाहीत फक्त 1.6 लाख. शेवटी एकूण विक्री 1.36 कोटींच्या आसपास थांबली.

म्हणून निदान तीन तिमाह्यांचे आकडे समोर ठेवा. निन्टेन्डोचं आर्थिक वर्षही एप्रिल ते मार्च असंच आहे. निकालातला विक्रीचा आकडा दुकानदारांकडे गेलेल्या मालाचा असतो, गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या नगांचा नव्हे. माल दुकानात पडून राहिला तर पुढच्या तिमाहीत हाच आकडा आपटतो. जपानपुरता ताळा फामित्सू या जपानी गेमिंग मासिकाच्या साप्ताहिक आकड्यांवरून घेता येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा खरेदीचा हंगाम, त्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करायची. इथेच बरेच जण फसतात.

आता खरं गणित: विकलेले गेम भागिले विकलेले कन्सोल. निन्टेन्डोचा हायब्रिड कन्सोल, म्हणजे पहिला स्विच, 3 मार्च 2017 ला आला. महिनाअखेर 27.4 लाख कन्सोल आणि 54.6 लाख गेम, म्हणजे कन्सोलमागे 2. मार्च 2018 अखेर 1.78 कोटी कन्सोल आणि 6.90 कोटी गेम, म्हणजे 3.9. नव्या गिऱ्हाइकाकडे एखाददुसराच गेम असतो, त्यामुळे कन्सोल धडाधड खपत असताना हे प्रमाण खाली ओढलं जातं. तरीही ते वाढलं, कारण आधी घेतलेले लोक पुन्हा पुन्हा गेम घेत होते. आमच्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच.

ती कशामुळे दिसली हे गेमच्या वेळापत्रकात सापडतं. 2017 मध्ये मार्चात झेल्डा, एप्रिलात मारिओ कार्ट 8 डिलक्स, जूनमध्ये आर्म्स, जुलैत स्प्लॅटून 2, ऑक्टोबरात सुपर मारिओ ओडिसी. पूर्वी कंपनीची ताकद हातात धरायचा 3डीएस आणि टीव्हीचा वी यू अशा दोन यंत्रांत विभागली जायची. हायब्रिडचा मोठा फायदा हाच, की सगळे गेम एकाच यंत्रावर येतात. नव्या कन्सोलच्या पहिल्या वर्षाचं असंच कॅलेंडर मांडा. मोठ्या गेमविना तीन-चार महिने कोरडे दिसले तर सावध व्हा.

किंमत बघताना मेमरी कार्डही धरा. 5 जून 2025 ला आलेला स्विच 2 अमेरिकेत 449.99 डॉलरला होता. त्यात 256 जीबी जागा आहे, आणि वाढवायची तर मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं, जुन्या कार्डावर गेम साठवता येत नाहीत. बॅटरीच्या दाव्यातला खालचा आकडा धरा, कारण जड गेम तेवढाच वेळ चालतो. पहिल्या स्विचचा दावा अडीच ते साडेसहा तासांचा होता, 2019 च्या सुधारित मॉडेलचा साडेचार ते नऊ.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांतल्या भावावरून मात्र जगभरातल्या मागणीचा अंदाज बांधू नका. भारतात स्विच अधिकृतपणे विकला जात नाही, तिथे येतो तो बाहेरून आणलेला माल. त्याचा भाव डॉलर-येनचा दर, कस्टम ड्युटी आणि तो कुठल्या देशाची आवृत्ती आहे यावर ठरतो. 2025 मध्ये जपानमध्ये 49,980 येनांना आलेला स्विच 2 स्वस्त होता खरा, पण त्यात भाषा फक्त जपानी आहे.