पॅनेलवर ‘बंद’ लिहिलंय, पण व्हॉल्व्ह खरंच बंद आहे का? स्क्रीन बनवणाऱ्यांनो, या चुका टाळा

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) केमिकल प्लांटसाठी कंट्रोल पॅनेल बनवतो. सगळ्यात मोठी चूक माझीच, तेव्हा तिथूनच सुरुवात.

आमच्या स्क्रीनवर बटण दाबलं की व्हॉल्व्हखाली लगेच ‘बंद’ उमटायचं. चाचणीच्या रात्री पाळीवरचे काका म्हणाले, “साहेब, स्क्रीनवर बंद आहे, पण पाइप गारठलाय. हात लावून बघा.” व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकला होता आणि थंड ब्राइन (गारव्यासाठीचं खारट पाणी) वाहतच होतं. स्क्रीन दाखवत होती ती फक्त आम्ही दिलेली ऑर्डर.

पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे हेच घडलं. दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडा राहिला, पण पॅनेलवरचा दिवा विझला, कारण तो बंद होण्याच्या सिग्नलला जोडलेला होता. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी निघून जात राहिलं. पाणी जास्त झालंय असं समजून ऑपरेटरांनी आपत्कालीन पुरवठाच कमी केला, आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

उपाय: व्हॉल्व्हच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पूर्ण उघडला की पूर्ण बंद झाला हे कळवणारे स्विच) लावा. ऑर्डर आणि प्रत्यक्ष स्थिती वेगवेगळी दाखवा, ठरलेल्या सेकंदांत जुळली नाहीत तर अलार्म द्या. गिऱ्हाईक खर्च वाचवायला स्विच काढायला सांगतंच (आमच्याकडे तर हमखास!). मग निदान ‘बंदची ऑर्डर दिली’ असं तरी लिहा.

दुसरी चूक, उठसूट ‘खात्री आहे का?’ विचारणं. आठवड्याभरात बोट न वाचताच ‘हो’ दाबू लागतं. थेरॅक-२५ हे रेडिएशनचं मशीन सारखं अडायचं, म्हणून ‘पी’ दाबून पुढे जायची सवय लागली होती. खरा धोका आला तेव्हा स्क्रीनवर ‘मॅलफंक्शन ५४’ एवढंच. १९८५ ते १९८७ मध्ये सहा रुग्णांना बेसुमार डोस बसला. आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअर इंटरलॉक (धोका असेल तर मशीन चालूच न देणारी यंत्रणा) यात काढून टाकले होते, सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर. खात्री विचारायचीच तर ‘रिॲक्टर २ मध्ये ८०० लिटर सोडायचं?’ असं नेमकं विचारा, आणि इंटरलॉक काढू नका.

स्क्रीनच्या एकाच खिडकीत दोन एककं नकोत. १९९२ मध्ये स्ट्रासबुर्गजवळ ए-३२० विमान कोसळून ८७ माणसं गेली. वैमानिकांनी उतरण्याचा कोन ३.३ अंश समजून ‘३३’ भरलं आणि विमानाने ते उतरण्याचा वेग, मिनिटाला ३३०० फूट, असं घेतलं, ही त्यातली सर्वांत संभाव्य शक्यता मानली जाते.

आणि डेमो एसी केबिनमध्ये देऊ नका. रात्री तीनला, हातमोजे घातलेल्या काकांसमोर स्क्रीन ठेवा आणि गप्प बसा. तोंडून “अहो, तिथे नाही, इकडे” निघालं की ते बटण वहीत टिपून घ्या.