टायमिंग बेल्ट घरी बदलताना

टायमिंग बेल्टचे काम हाती घेण्यापूर्वी आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, याची खात्री करून घ्यावी. मारुतीच्या के-सीरिज पेट्रोल इंजिनांत, स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात आणि ह्युंदाईच्या कप्पा इंजिनात चेन असते, त्यामुळे त्या गाड्यांना हा लेख लागू नाही. जुनी मारुती ८००, सँट्रो आणि इंडिका डिझेल या गाड्यांत मात्र बेल्ट आहे. लोगान आणि व्हेरिटोच्या १.५ लिटर डिझेल इंजिनातही बेल्टच आहे. २००७ मध्ये बाजारात आलेली लोगान महिंद्राच्या नाशिकच्या कारखान्यात तयार होत असे आणि २०११ मध्ये तिचेच नाव व्हेरिटो झाले. माझी गाडी व्हेरिटो डिझेल असल्याने खालचे बारकावे मुख्यतः तिचे आहेत. कामाचा क्रम इतर गाड्यांनाही बहुतांशी लागू पडतो.

क्रँकशाफ्टचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक फेरा होतो, आणि हे प्रमाण राखण्याचे काम रबरी दातांचा हा एक पट्टा करतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. या डिझेल इंजिनात उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन यांची जागा एकच असते. कसारा घाट चढताना बेल्ट तुटला किंवा त्याने दाते सोडले, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवावे लागते. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी पूर्ण होईल त्या वेळी बेल्ट बदलावा. गाडी फारशी फिरली नसली, तरी रबर जुने होतच असते, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

नुसता बेल्ट आणू नये. टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) असलेला पूर्ण किट आणावा. या इंजिनात पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो, म्हणून तोही सोबत बदलावा. पंपाचे बेअरिंग अडकले, तर नवा बेल्टसुद्धा टिकत नाही, आणि पुढे पंपासाठी हेच सगळे पुन्हा उघडण्यात दुप्पट मेहनत जाते. क्रँक पुलीचा बोल्ट नवा घ्यावा. पार्ट नंबर इंजिन क्रमांकावरूनच पडताळावा. डोळ्यांनी सारखे दिसणारे दोन बेल्ट एका दाताने वेगळे असू शकतात. आणलेला बेल्ट घडी घालून, उलटा करून किंवा पिळून ठेवू नये, कारण त्याच्या आतले काचेचे धागे तुटतात आणि ते बाहेरून दिसत नाही.

काम थंड इंजिनावर करावे. आदल्या रात्री गाडी लावून ठेवली, तर नाशिकच्या हिवाळ्यातली सकाळ यासाठी उत्तम. बॅटरीची ऋण तार काढावी, मागच्या चाकांना उटी लावाव्यात, ड्रायव्हरच्या बाजूचे पुढचे चाक काढावे आणि गाडी जॅकवर न ठेवता पक्क्या घोडीवर टेकवावी. चाकाच्या आतले प्लॅस्टिक आवरण आणि अल्टरनेटरचा बेल्ट काढल्यावर क्रँक पुली समोर येते. तिचा बोल्ट फार घट्ट असतो. पाचवा गिअर टाकून सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे आणि लांब दांड्याने बोल्ट सैल करावा. पाना अडकवून स्टार्टर मारण्याची जी युक्ती काही जण सांगतात, ती कधीही करू नये. दांडा सुटला, तर हात मोडतो. त्यानंतर ऑइल चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून दुसऱ्या जॅकने इंजिनाला हलका आधार द्यावा आणि मगच त्या बाजूचे माउंटिंग, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवणारा आधार, सोडावे. क्रँक पुली काढून कव्हर उघडले की बेल्ट दिसतो.

येथून पुढे घाई अजिबात नको. गिअर न्यूट्रलवर आणावा आणि क्रँकचा बोल्ट परत लावून त्यावर पाना अडकवावा आणि इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवावे. बहुतेक इंजिने बेल्टच्या बाजूने पाहिली असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. जुन्या होंडा इंजिनांची दिशा मात्र उलटी असते. पहिला पिस्टन वर आला की ब्लॉकमधला प्लग काढून तेथे पिन बसवावी आणि क्रँक तिला अलगद टेकेपर्यंत फिरवावा. दुसरी पिन कॅम पुलीच्या भोकातून हेडमध्ये जाते. दोन्ही पिना न ठोकता बसल्या, म्हणजे स्थिती बरोबर. पिना केवळ जागा दाखवण्यासाठी असतात. त्यांच्या भरवशावर बोल्ट सोडायचा किंवा आवळायचा नसतो. याशिवाय क्रँक, कॅम आणि डिझेल पंप या तिन्ही पुल्यांच्या दात्यांवर आणि जुन्या बेल्टवर पांढऱ्या रंगाच्या बारीक रेषा ओढाव्यात आणि मोबाइलवर सरळ समोरून फोटो काढावेत.

टेन्शनर सैल करून जुना बेल्ट उतरवावा आणि त्यानंतर क्रँक किंवा कॅम जराही फिरवू नये. उतरवलेला बेल्ट उजेडात नीट पाहावा. दात्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा किंवा आरशासारखी चकाकणारी पाठ दिसली, तर त्याचे आयुष्य संपत आले होते. कडेला तेलाचा ओशटपणा लागला, तर आधी क्रँकचे किंवा कॅमचे ऑइल सील बदलावे, कारण तेल लागलेला नवा बेल्टही लवकर फुगतो. कूलंट काढून पंप बदलून घ्यावा आणि बेल्टची जागा कोरड्या फडक्याने पुसून काढावी.

नवा बेल्ट बाणाच्या दिशेने, क्रँकपासून सुरू करून, टेन्शनर नसलेल्या बाजूने ताणत न्यावा, म्हणजे उरलेली सगळी ढील टेन्शनरकडे येते. स्क्रूड्रायव्हरने रेटू नये. बोटांनी बसत नसेल, तर टेन्शनर अजून पुरेसा सैल नाही. पहिल्या खेपेला मी ढील कॅम आणि डिझेल पंप यांच्या मध्ये राहू दिली होती. ताण देताच पंपाच्या पुलीवरची माझी पांढरी रेषा अर्धा दात पुढे सरकली, आणि सगळे पुन्हा सैल करून नव्याने बसवावे लागले. ती रेषा नसती, तर ही चूक माझ्या लक्षातही आली नसती. क्रँकच्या दातेरी पुलीला २० दाते आहेत असे धरले, तर एका दाताची चूक म्हणजे १८ अंशांची चूक होते.

टेन्शनरची सुई खाचेसमोर येईपर्यंत अलन कीने (षटकोनी पान्याने) ताण द्यावा, नट आवळावा, दोन्ही पिना काढाव्यात, क्रँक पुली बसवावी आणि पूर्वीसारखेच गिअर व ब्रेकने क्रँक अडवून नवा बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) व अंशाने घट्ट करावा. आता गिअर न्यूट्रलवर आणावा आणि इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. कॉम्प्रेशनचा मऊ दाब जाणवतो आणि हळूहळू ओसरतो. कडक धक्का लागून पाना थांबला, तर जोर न लावता तेथेच थांबावे, कारण तो पिस्टन व्हॉल्व्हला लागलेला असतो. दोन फेऱ्यांनंतर पिना पुन्हा सहज बसल्या पाहिजेत आणि सुई खाचेसमोरच असली पाहिजे. जुन्या बेल्टवरच्या रेषा येथे उपयोगी नाहीत, पुल्यांवरच्या रेषाच पाहाव्यात. थोडाही फरक असला, तर सैल करून पुन्हा बसवावे, मग त्यात संध्याकाळ झाली तरी चालेल. गाडीवर माझा विश्वास बसतो तो या दोन फेऱ्यांनंतर, स्टार्टर मारल्यावर नव्हे.

पिना काढून प्लग परत लावावा, माउंटिंग, कव्हर आणि अल्टरनेटरचा बेल्ट बसवावा, कूलंट भरून आतली हवा काढावी आणि मग गाडी सुरू करावी. शिट्टीसारखा बारीक आवाज आला, तर बेल्ट बहुधा जास्त ताणला गेला आहे. कव्हरवर फटफट ऐकू आली, तर ढिला आहे. दोन्ही वेळा इंजिन लगेच बंद करून ताण पुन्हा तपासावा. सारे ठीक असेल, तर पहिली फेरी गंगापूर रोडवर घरापासून जवळच मारावी, इंजिन थंड झाल्यावर कूलंटची पातळी पाहावी आणि बोनेटच्या आत तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.