ओल्या कचऱ्यापासून वीज बनवताय? या चुका टाळा

"गॅस येत नाहीये" असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गेल्या आठ दिवसांत टाकीत, म्हणजे कचरा हवाबंद कुजवून गॅस बनवतात त्या टाकीत, काय काय गेलं? बिघाड दिसतो जनरेटरपाशी, पण सुरू होतो कचरा ओततो तिथेच.

घंटागाडीतला ओला कचरा नुसता ओलाच असेल असं धरून चालू नका. एकदा क्रशर (कचरा बारीक करणारं यंत्र) अडकला म्हणून उघडला, तर पात्यांना साडीची किनार, नारळाच्या शेंड्या आणि दुधाच्या पिशव्या यांचा पीळ बसलेला. सोडवण्यात अख्खी दुपार गेली. करवंट्या, शहाळी, हाडं, आंब्याच्या कोयी टाकीत जवळजवळ कुजतच नाहीत, नुसती जागा अडवतात. क्रशरआधी निवडणीचा पट्टा आणि तिथे हातमोजे घातलेली दोन माणसं हवीतच. हा खर्च वाचवू नका.

दुसरी चूक घाईची. नवी टाकी शेणकाल्याने लावायची आणि कचरा रोज थोडाथोडा वाढवत न्यायचा. लग्नसराईत मंगल कार्यालयांतून भाताचे ड्रम येतात, मोह होतो, सगळं एकदम ओतलं जातं. मग आम्ल वाढतं, पीएच 6.8 च्या खाली घसरतो आणि मिथेन, म्हणजे पेटणारा गॅस, बनवणारे जिवाणू मंदावतात. गॅस येतो, पण धड पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त. आधी कचरा थांबवा, मग बेताने चुना किंवा खायचा सोडा टाका. नाशिकच्या विल्होळीजवळ महापालिकेने जर्मन सहकार्याने उभारलेल्या प्रकल्पात हॉटेलांच्या अन्नासोबत शौचालयांचा मैलाही कुजवायची सोय आहे. मैल्यातल्या नायट्रोजनमुळे हे आम्ल आवरायला मदत होते.

जनरेटर घेताना टनभर कचऱ्याला साधारण 100 घनमीटर गॅस आणि घनमीटरला दीड ते दोन युनिट वीज धरा. पंप आणि क्रशर खातात ती वीज त्यातून वजा करा.

सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो इंजिन खातो आणि माणसाचा जीवही घेतो. हा वायू शोषणाऱ्या फिल्टरमधला तांबूस लोहभरणा काळा पडला की लगेच बदला. आणि टाकीत किंवा मैल्याच्या खड्ड्यात कुणालाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा, उतरवू नका.

जानेवारीत आपल्याकडे पारा एक आकडी होतो आणि टाकीला तर 35 ते 38 अंश लागतात. गॅस घटला म्हणून तेव्हा कचरा वाढवू नका. इंजिन थंड करून आलेलं गरम पाणी टाकीभोवतीच्या नळ्यांतून फिरवा.