नेम धरायचा कसा, टिकवायचा कसा

नेमबाजाचा नेम म्हणजे लक्ष्य. वारकऱ्याचा नेम म्हणजे न चुकता करायची गोष्ट. मराठीने दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे. आपण मात्र पाडव्याला पहिला नेम ठरवतो आणि दुसरा ठरवायचा राहून जातो. ‘यंदा परीक्षा पास व्हायचंच’ हे लक्ष्य झालं. मंगळवारी रात्री पावणेनऊला नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही. ते कळेपर्यंत काम कसं खाली आणायचं, ते इथे एका उदाहरणावरून पाहू: नोकरी सांभाळून २६ आठवड्यांनी द्यायची खात्याची परीक्षा. वजन, नवी भाषा किंवा रखडलेलं लिखाण यांनाही हीच रीत लागू पडते.

आधी तासांचा हिशेब

अभ्यासक्रमात १८ प्रकरणं आहेत असं धरू. एका प्रकरणाच्या पहिल्या वाचनाला ८ तास, म्हणजे १४४ तास. उजळणीला प्रत्येकी ३ तास, म्हणजे ५४. दहा सराव प्रश्नपत्रिका, प्रत्येकी ३ तास सोडवायला आणि २ तास तपासायला, म्हणजे ५०. बेरीज २४८. हे ८ तास मनाने ठरवू नका. एक मध्यम अवघड प्रकरण घड्याळ लावून वाचा आणि तो आकडा घ्या. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिलं होतं, की माणूस कामाचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत चालेल असं धरतो आणि मागच्या वेळी त्याच कामाला किती वेळ लागला होता ते विचारातच घेत नाही. म्हणून २४८ वर पाव भाग वाढवा: ३१० तास.

आता आठवडे मोजा. गणपती, दिवाळी, घरातलं एखादं लग्न किंवा ऑफिसचं मार्चअखेर, यांचे तीन आठवडे आजच वजा करा. माउलींच्या पालखीच्या वेळापत्रकात पुण्याचा आणि सासवडचा दोन-दोन रात्रींचा मुक्काम आधीच मांडलेला असतो, त्यामुळे तिथे थांबल्याने पंढरपूरला पोहोचायला उशीर होत नाही. तुमच्या वेळापत्रकातही थांबे हवेत. उरले २३ आठवडे. ३१० भागिले २३, म्हणजे आठवड्याला साधारण साडेतेरा तास.

एवढे तास तुमच्याकडे आहेत का? वेळापत्रक करण्याआधी सात दिवस फक्त नोंद ठेवा: किती वाजता घरी आलात, जेवण कधी उरकलं, झोप कधी लागली. बहुतेक नोकरदारांना रोज एक तास, शनिवारी दोन आणि रविवारी अडीच, असे साडेनऊ तास सापडतात. चार तास कमी पडले. इथे लोक पहाटे चारला उठायचं ठरवतात. झोपायची वेळ तीच राहते, आठवड्याभरात पेंग यायला लागते आणि अभ्यासाबरोबर ऑफिसचं कामही बिघडतं. पहाटे उठायचंच असेल तर आधी रात्रीचं जेवण अलीकडे आणा, मग गजर.

त्यापेक्षा काम कापा. जुन्या प्रश्नपत्रिका पाहून कमी गुणांची सहा प्रकरणं काढा. त्यांचं वाचन ८ ऐवजी ४ तासांत आणि उजळणी ३ ऐवजी १ तासात बसवा. ३६ तास वाचले. २१२ वर पाव भाग वाढवला की २६५, म्हणजे आठवड्याला साडेअकरा. उरलेले दोन तास डबा खाऊन झाल्यावरच्या अर्ध्या तासातून, आठवड्यातले चार दिवस, फक्त उजळणीसाठी काढा. नवं प्रकरण त्या वेळेत घेऊ नका, गोंगाटात ते डोक्यात शिरत नाही. सराव प्रश्नपत्रिका मात्र कापायच्या नाहीत. आपल्याला काय येत नाही, हे दुसऱ्या कशानेही इतकं स्पष्ट कळत नाही.

वाक्यात ‘की’ हवा

‘रोज रात्री अभ्यास करीन’ हे वाक्य कच्चं आहे. ‘ओटा पुसून झाला, की जेवणाच्या टेबलाशी बसून खुणेच्या पानापासून पुढे वाचीन’ हे पक्कं. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अशा जर-तरच्या ठरावांचा अभ्यास केला आहे. कधी आणि कुठे हे आधीच ठरलेलं असलं, तर ठरवलेलं काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. कारण ऐनवेळी स्वतःशी वाद घालायचा उरत नाही, समोरची गोष्टच आठवण करून देते.

‘की’च्या आधीची गोष्ट निवडताना तीन गोष्टी पाहा. ती रोज घडते का, तिचा शेवट स्पष्ट दिसतो का, आणि ती घडते तिथून कामाची जागा जवळ आहे का. ‘जेवणानंतर’ चालत नाही. जेवण संपतं, गप्पा सुरू राहतात, आणि ‘नंतर’ कधी सुरू झालं ते कळतच नाही. पुसलेला ओटा मात्र दिसतो.

पुस्तक खुणेच्या पानावर उघडून आणि पेन शेजारी ठेवून मगच ओट्याकडे वळा. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. तो टेबलावर पालथा ठेवला तरी हात जातोच.

वाईट दिवसासाठी एक किमान माप ठरवा: दहा मिनिटं किंवा दोन पानं. ताप, पाहुणे, उशिरा सुटलेली शिफ्ट, अशा दिवशी एवढंच. पण एकाच आठवड्यात तीनदा किमान मापावर यावं लागलं, तर निवडलेली वेळच चुकली आहे असं समजा.

चुकणं वेगळं, मोडणं वेगळं

एकवीस दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. त्याचं मूळ एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलेल्या निरीक्षणात आहे: शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एकवीस दिवस लागतात. रोजच्या कामाची सवय त्याने मोजलीच नव्हती. ती मोजली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ माणसं, १२ आठवडे, खाणं, पिणं किंवा व्यायाम यातली एक नवी गोष्ट. गोष्ट आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या काळाचा मधला आकडा ६६ दिवस निघाला, पण माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. म्हणून बाविसाव्या दिवशीही कंटाळा येत असेल, तर तुमच्यात खोट आहे असं मुळीच मानू नका.

त्याच अभ्यासात आणखी एक फार मोलाची गोष्ट दिसली: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. नेम चुकतो, आणि नेम मोडतो तो पुढच्या दिवशीच्या वागण्याने. काल एक तास बुडाला म्हणून आज दोन तास बसायचं ठरवलं, की डोंगर दिसतो, आजही टळतं, आणि परवा तीन तास साचतात. बुडालेला तास बुडाला असं धरा. वाढवलेला पाव भाग त्याच्यासाठीच आहे. दुसऱ्या दिवशी नेहमीचं माप घ्या, तेही जड वाटलं तर किमान माप, पण जागेवर बसा.

ऑफिसात

कामांच्या यादीत ‘वार्षिक अहवाल’ असं लिहू नका. ‘अहवालातला एप्रिलचा तक्ता भरून साहेबांना पाठवणे’ असं लिहा. शेवटी क्रियापद आलं की हात कुठे घालायचा ते कळतं. दिवसाला अशी तीनच कामं, आणि त्यातलं सगळ्यात अवघड काम मेल उघडण्याआधी, सलग ५० मिनिटं. काउंटरवर किंवा फोनवर बसणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही. त्यांनी गर्दी ओसरण्याची नेहमीची वेळ हेरावी आणि २० मिनिटांचे तुकडे धरावेत. निघण्याआधी पाच मिनिटं काढून अर्धवट कामावर चिठ्ठी लावा: कुठे थांबलो, पुढची पहिली पायरी कोणती. सकाळची शोधाशोध वाचते.

रविवारची वीस मिनिटं

वहीत तीन रकाने पुरे: ठरवलेले तास, झालेले तास, संपलेली प्रकरणं. साडेअकरापैकी आठ तासांच्या आत सलग दोन आठवडे राहिलात, तर स्वतःला दोष देत बसू नका, दोष शोधा. जागेवर बसणंच झालं नाही, तर ‘की’च्या आधीची गोष्ट बदला. बसून पुन्हा पुन्हा उठलात, तर जागा किंवा मोबाइल पाहा. तासभर बसूनही पान उलटलं नाही, तर प्रकरण जड आहे, त्याचे लहान भाग करा किंवा जाणकाराला विचारा. तास भरतात पण प्रकरणं संपत नाहीत, तर सुरुवातीचा ८ तासांचा आकडा चुकला होता. नवा आकडा घेऊन सगळी बेरीज पुन्हा मांडा.

याच काळात व्यायामाचा किंवा वाचनाचा दुसरा नेम सुरू करू नका. ओटा पुसल्यावर वही न पाहता पाय टेबलाकडे वळायला लागले, की मग दुसरा धरा.